देव राखणारी माणसं

(शताब्दी सप्ताहात काल्याच्या आदल्या दिवशी झालेल्या भाषणाचा मजकूर)





मी शेतकरी माणूस. शाळा चौथीपर्यंत. पुढचं जे काही शिकलो ते दिंडीत चालताना आणि वडीलधाऱ्यांच्या मागं टाळ घेऊन उभं राहून शिकलो. सप्ताह कमिटीनं सांगितलं, महाराज, आज कीर्तन नको, भाषण करा, आणि विषय घ्या वारसा. आता वारसा म्हटलं की आमच्या डोळ्यापुढं तलाठी उभा राहतो. सात-बारा, वारसनोंद, कुणाचं नाव लागलं, कुणाचं राहिलं. पण तलाठ्याच्या दप्तरात ज्याची नोंद नाही असाही एक वारसा असतो. गावातली मूर्ती, पोथी, बाड, वीणा, भजनाची चाल. ह्याची वारसनोंद कुठं करायची? आणि गावावर लढाई आली, लूट आली, तर हे सगळं राखायचं कुणी?

कुणी म्हणेल, महाराज, देवाला राखणारे तुम्ही कोण? देव सगळ्या जगाला राखतो. खरं आहे. माझं काही म्हणणं नाही. पण मूर्ती उचलायला हात माणसाचेच लागतात, आणि पोथी पेटीत भरायलाही माणूसच लागतो. देव बुद्धी देईल, खांदा आपणच द्यायचा. अशा खांदा देणाऱ्या माणसांच्या गोष्टी आज सांगतो.

पहिली गोष्ट आपल्या घरची. पंढरीची.

आपण पंढरीला जातो, बारीत उभं राहतो, पायावर डोकं ठेवतो आणि माघारी येतो. विटेवरचा देव तिथून कधी हललाच नाही असं आपल्याला वाटतं. पण ही मूर्ती जुन्या काळात एकदा नाही, अनेकदा हलवावी लागली आहे. फौज आली की देव हलायचा. फौज गेली की परत यायचा.

आपल्या संप्रदायात भानुदास महाराजांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. एकनाथ महाराजांचे ते पणजोबा. विजयनगरच्या राजानं नेलेला पांडुरंग त्यांनी परत आणला, असं आपण परंपरेनं सांगतो. आज हंपीला गेलं तर विठ्ठलाचं मोठं दगडी देऊळ दिसतं, पण आत देव नाही. १५६५ सालच्या लढाईनंतर ते सगळं नगर लुटलं गेलं. देऊळ तिथं राहिलं आणि देव पंढरीत राहिला. त्यातून काय घ्यायचं ते घ्या.

पुढं १६५९ साली अफझलखान विजापूरहून निघाला. तुळजापूर, पंढरपूर करत तो वाईला गेला. त्याच्या त्या स्वारीत देव पंढरपुरात ठेवला नव्हता, माढ्याला नेला होता, असं माढ्याचे लोक आजही सांगतात. माढ्याला विठ्ठलाचं देऊळ आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा जाऊन या.

त्यापेक्षा अवघड वेळ आली ती १६९५ पासून पुढं. औरंगजेब बादशहाची छावणी भीमेच्या काठी माचणूरजवळ ब्रह्मपुरीला पडली. पंढरीच्या खालच्या अंगाला, त्याच नदीवर. आणि ती चार दिवसांची नव्हती, चार वर्षांची होती. १६९९ पर्यंत बादशहा तिथं होता. आता सांगा, चार वर्षं एवढी मोठी फौज उशाला बसली असताना देव कुठं ठेवायचा? त्या वेळी बडव्यांनी देव देगावला पाटलांच्या हवाली केला, आणि पाटलांनी तो विहिरीत लपवला असं सांगतात. देगाव पंढरपूरपासून लांब नाही. लांब नेलं तर वाटेत धरतील, जवळ ठेवलं तर सापडेल. मग जवळच ठेवायचा, पण अशा ठिकाणी की कुणाच्या मनातही येऊ नये.

माऊली, इथं जरा थांबून विचार करा. गावात पाटलाच्या विहिरीत देव आहे, हे किती जणांना माहीत असेल? पाटलाच्या घरच्यांना असणार. ज्या गड्यांनी मूर्ती उतरवली त्यांना असणार. शेजाऱ्याला थोडा तरी संशय आला असणार. विहिरीवर पाणी भरायला येणाऱ्या बायका तर सगळ्यात आधी ओळखतात की आज काहीतरी वेगळं आहे. तरीसुद्धा बातमी फुटली नाही. आपल्या गावात कुणाच्या घरी पाहुणा आला तर चहा व्हायच्या आत साऱ्या आळीला कळतं. तिथं साऱ्या गावानं तोंड मिटून धरलं. जपायचं म्हणजे उचलून नेणं आलंच, पण गप्प बसणंही आलं.

आणि त्याच धामधुमीच्या काळात, १६८५ साली, तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी देहूहून पालखी सोहळा सुरू केला. मुलखात लढाई चालू आहे, रस्ते धड नाहीत, आणि हा माणूस पादुका पालखीत ठेवून पंढरीला निघतो. एकीकडं देव लपवावा लागला तरी दुसरीकडं वारी लपवली नाही. मूर्ती झाकता येते, पण चालणं झाकून ठेवलं तर मोडतं. दोन वर्षं पेरलं नाही तर रानात कुंदा माजतो, तसं ते आहे.

आता दुसरी गोष्ट गोव्याची.

गोव्याला आपली पोरं समुद्र बघायला जातात. जाताना वाटेत मंगेशीला, कवळ्याला, म्हार्दोळला देवदर्शनही करतात. पण फार थोड्यांना माहीत असतं की ते देव मूळचे तिथले नाहीत. मंगेश कुशस्थळीचा, ज्याला आता कुठ्ठाळी म्हणतात. शांतादुर्गा केळशीची. म्हाळसा वेर्ण्याची. ही गावं साष्टीत होती. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि १५४३ साली साष्टी आणि बारदेश त्यांच्याकडं गेले. पुढं देवळं पाडायचा हुकूम निघाला, आणि १५६६-६७ च्या सुमारास साष्टीतली देवळं पाडली गेली.

मंगेश त्याच्या आधी, १५६० च्या सुमारास, नदीपलीकडं प्रियोळला नेला. शांतादुर्गा आणि म्हाळसा यांनाही तशीच नदी ओलांडावी लागली. त्यांच्यापाशी सैन्य नव्हतं. होते ते गावचे गावकर, पुजारी, होडीवाले. स्वतःचं घर, शेत, कुळागर मागं सोडून काहीजण देवाबरोबर निघाले. ज्यांना निघता आलं नाही ते मागं राहिले, आणि त्यातले पुष्कळ ख्रिस्ती झाले.

ऐका आता, ही महत्त्वाची बाब. नदीपलीकडं ते गेले तो अंत्रुज महाल, म्हणजे फोंड्याचा मुलूख, त्या काळी कुणाचा होता? विजापूरच्या आदिलशहाचा. म्हणजे शंभर वर्षांनी ज्या दरबाराची फौज पंढरीवरून गेली, त्याच दरबाराच्या मुलखात गोव्याच्या देवांना आसरा मिळाला. म्हणून माझी विनंती आहे, ह्या गोष्टी सांगताना आणि ऐकताना कुणा जातीधर्माविषयी मनात अढी धरू नका. फौज तोडायला आली तर तोडते. लोभ आणि सत्तेची नशा कुठल्याही झेंड्याखाली मिळते. आणि आसरा देणारा माणूसही कुठल्याही झेंड्याखाली मिळतो.

दिवाडी बेटावरच्या नार्व्याचा सप्तकोटेश्वरही असाच नदीपार डिचोलीच्या बाजूला नेला. त्याचं देऊळ १६६८ साली शिवाजी महाराजांनी बांधायला लावलं, तसा शिलालेख तिथं आहे. छत्रपतींनी देऊळ बांधलं हे आपण अभिमानानं सांगतो. पण महाराजांना बांधायला देव शिल्लक होता, कारण त्याच्या कितीतरी वर्षं आधी कुणीतरी नाव न ठेवता तो वाचवला होता. त्यांची नावं शिलालेखावर नाहीत. कवळ्याचं आजचं देऊळही शाहू महाराजांच्या काळातलं, १७३८ च्या सुमाराचं. म्हणजे देवी आल्यापासून ते मोठं देऊळ होईपर्यंत पावणेदोनशे वर्षं लोकांनी साध्या जागेत दिवा चालू ठेवला. पाच-सहा पिढ्या झाल्या. आजोबानं लावलेला दिवा नातवानं पाहिला, आणि त्याच्याही नातवानं.

गोव्यातलीच आणखी एक गोष्ट मला फार आवडते. कुंकळ्ळी गावची शांतादुर्गा अशीच हलवली आणि फातर्प्याला ठेवली. ती कायमची फातर्प्यालाच राहिली. पण दरवर्षी शिगम्याच्या सुमारास ती पालखीतून कुंकळ्ळीला आपल्या जुन्या जागी येते. पुढं रंगीबेरंगी छत्र्या असतात, बारा वांगडांच्या बारा छत्र्या. वांगड म्हणजे गावकरांची घराणी. आणि त्या उत्सवात कुंकळ्ळीचे ख्रिस्ती लोकही सामील होतात, कारण ती त्यांच्याही पूर्वजांची देवी. धर्म बदलला, आडनावं बदलली, पण गावची म्हणून तिच्याशी असलेली ओळख गेली नाही. चारशे वर्षांवर झाली ह्या गोष्टीला. सासरी गेलेली लेक पंचमीला माहेरी येते, तशी देवी येते.

आता तिसरी गोष्ट. ही लांबची आहे. आपल्या दिंडीत एक निवृत्त गुरुजी चालतात. त्यांनी वाखरीच्या मुक्कामाला ही मला सांगितली. मला इतकी लागली की पुढं दोन वर्षं मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिलो.

आफ्रिका खंडात माली म्हणून देश आहे. तिथं सहारा वाळवंटाच्या कडेला टिंबक्टू नावाचं जुनं गाव आहे. आपल्याकडं आळंदी-पैठण तसं ते विद्येचं गाव. तिथले लोक मुसलमान. त्या गावाला तीनशे तेहतीस संतांचं गाव म्हणतात. संतांच्या समाध्या आहेत, मातीच्या मशिदी आहेत, आणि घराघरांत हातानं लिहिलेल्या जुन्या पोथ्या आहेत. धर्माच्या, वैद्यकीच्या, ग्रहताऱ्यांच्या, कवितांच्या, व्यापाराच्या चिठ्ठ्यासुद्धा. मोजायला गेलं तर लाखांत जातील एवढ्या. एकेका घराण्यानं आपली पेटी पिढ्यानपिढ्या सांभाळलेली. मोरोक्कोची फौज आली, पुढं फ्रेंच आले, तेव्हाही त्या लोकांनी पोथ्या वाळूत पुरल्या, भिंतीत लपवल्या असं सांगतात.

२०१२ साली तिथं बंड झालं. एप्रिल महिन्यात हत्यारबंद लोकांनी गाव ताब्यात घेतलं. ते म्हणू लागले की समाधीला मान देणं पाप आहे. गाणं बंद, वाद्य बंद. कुदळी घेऊन त्यांनी संतांच्या समाध्या फोडल्या. त्या गावच्या सोळा समाध्या जगाच्या वारशाच्या यादीत होत्या, त्यातल्या चौदा पाडल्या. पाडणारेही मुसलमान आणि ज्यांच्या समाध्या तेही मुसलमान. दोघांचा ग्रंथ एकच. पण एकाला त्यात दया दिसली आणि दुसऱ्याला कुदळ दिसली.

गावकऱ्यांनी ओळखलं की आज समाध्या फोडल्या, उद्या पोथ्या जाळतील. तिथं अब्देल कादेर हैदरा नावाचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याही घराण्याचा पोथ्यांचा मोठा संग्रह. त्यांनी आणि इतर घराण्यांनी मिळून काम सुरू केलं. काय केलं? बाजारातून पत्र्याच्या ट्रंका आणल्या. आपण लग्नात लेकीला द्यायचो तशा ट्रंका. एका दुकानातून सगळ्या घेतल्या तर संशय येईल, म्हणून थोड्या थोड्या गोळा केल्या. रात्री ग्रंथालयात जाऊन पोथ्या भरल्या, कुलपं लावली, आणि गाढवाच्या गाड्यांवरून निरनिराळ्या घरांत नेऊन ठेवल्या. पुढं त्या ट्रंका मोटारीनं, आणि नंतर नायजर नदीतून होड्यांनी, राजधानीच्या गावाला बामाकोला नेल्या. मधलं अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. वाटेत नाके, बंदुका. ट्रंका नेणारे ड्रायव्हर, होडीवाले, पोरं-पुतणे, घरात जागा देणाऱ्या बायका, ह्यांच्यातलं कुणी मोठं माणूस नव्हतं.

२०१३ च्या जानेवारीत फौजा गाव सोडवायला आल्या. पळून जाताना त्या बंडखोरांनी सरकारी ग्रंथालयात आग लावली. सुमारे चार हजार पोथ्या जळाल्या. वाईट झालं. पण बाकीचा मोठा साठा आधीच गावाबाहेर गेला होता. जळालं ते मागं राहिलेलं, वाचलं ते वेळेत हललेलं.

पण इथं गोष्ट संपत नाही. वाळवंटातल्या कोरड्या हवेत शेकडो वर्षं टिकलेल्या पोथ्या आता बामाकोच्या दमट हवेत आल्या. पावसाळ्यात बुरशी धरायची भीती. आपल्याला हे सांगायला नको. ज्वारी काढून कोरडी ठेवली तर टिकते, ओल लागली की कोंब फुटतो नाहीतर काळी पडते. मग त्या लोकांनी एकेक पोथी साफ करायची, पेटीत घालायची, तिचा फोटो काढायचा, यादी करायची असं काम वर्षानुवर्षं चालवलं. आणि २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये दोनशेच्या वर पेट्या टिंबक्टूला माघारी आल्या. तेरा वर्षांनी. देगावहून आपला पांडुरंग परत आला तसाच तो दिवस त्यांना वाटला असेल.

समाध्यांचं काय झालं तेही ऐका. बाहेरून मदत आली, पैसा आला, पण बांधल्या कुणी? गावच्याच गवंड्यांनी. पडलेल्या भिंतींचे उरलेले पाये मोजले, जुने फोटो बघितले, म्हाताऱ्या माणसांना विचारलं की घुमटी किती उंच होती, दार कुठल्या अंगाला होतं. २०१४ ला काम धरलं आणि २०१५ च्या जुलैपर्यंत समाध्या पुन्हा उभ्या केल्या. त्या भागात मशिदींना मातीचा गिलावा करायला सगळं गाव येतं. म्हातारे, पोरं, सगळे हात चिखलात. आपण पूर्वी दिवाळीआधी देवळाची ओटी सारवायला सगळ्या बायका जमायच्या, तसं. ज्यांना दरसालची सवय होती, त्यांना पडलेलं उभं करायला वेगळं शिकवावं लागलं नाही.

ज्यानं समाध्या फोडण्याचं काम पुढं होऊन करवलं, त्यातल्या एकाला धरून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढं उभं केलं. त्यानं गुन्हा कबूल केला. २०१६ साली त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. माणूस मारल्याची शिक्षा आपण ऐकतो. संतांच्या समाध्या फोडल्या म्हणून जगाच्या कोर्टानं शिक्षा दिली, ही नवी गोष्ट होती.

तर माऊली, तीन ठिकाणं झाली. पंढरी, गोवा आणि टिंबक्टू. भाषा वेगळी, देवाचं नाव वेगळं, काळात शेकड्यांचं अंतर. पण राखणाऱ्यांची रीत बघा, सगळीकडं एकच आहे.

पहिली गोष्ट, त्यांनी वेळेत हालचाल केली. फौज वेशीत आल्यावर पेटी शोधायला गेले नाहीत.

दुसरी, एका जागी सगळं ठेवलं नाही. आपण शेतकरी बियाणं कसं ठेवतो? खायची ज्वारी एका कणगीत आणि बियाणं दुसऱ्या घरात. एका घराला आग लागली, उंदीर लागला, तर दुसऱ्याकडून मूठभर मिळतं आणि पेरणी होते. खायचं गेलं तर एक वर्ष उपास पडेल, बी गेलं तर वाणच जातो.

तिसरी, ज्याच्याकडं ठेवलं तो माणूस विश्वासाचा होता, आणि त्यानं ती वस्तू आपली मानली नाही. देगावच्या पाटलानं देव विहिरीत ठेवला, पण वेळ आली तेव्हा परत दिला. इथं खरी कसोटी आहे. लपवायला धाडस लागतं हे तर खरंच, पण परत द्यायला त्याहून मोठं मन लागतं. चार वर्षं देव घरात असताना मनात येणार नाही का, की आता इथंच देऊळ बांधू, इथंच जत्रा भरवू?

चौथी, वस्तूबरोबर चाल राखली. नुसती मूर्ती राहिली आणि काकडा बंद झाला तर काय उपयोग? नुसती पोथी राहिली आणि वाचणारा गेला तर ती रद्दी.

आता आपल्या दिंडीकडं येतो, कारण एवढं सगळं ऐकून आपण काय करणार ते ठरवायचं आहे.

आपल्याकडं लढाई नाही. पण मोडतोड करायला लढाईच लागते असं नाही. आमच्याच भागातल्या एका गावात दोन भावकींचं वाकडं आलं. निमित्त बांधाचं. भजनाचं साहित्य एका घरात होतं. दुसरी भावकी म्हणाली, त्यांच्या दारात आम्ही पाय ठेवणार नाही. पहिली म्हणाली, मागायला आल्याशिवाय आम्ही देणार नाही. कुलूप लागलं. आठ वर्षांनी दार उघडलं तेव्हा मी स्वतः तिथं होतो. वीण्याच्या तारा गंजलेल्या, पखवाजाच्या पुड्या उंदरांनी कुरतडलेल्या, आणि अभंगाच्या बाडाला वाळवी लागून माती झालेली. कुणाची फौज आली होती तिथं? कुणाचीच नाही. त्या गावात आज एकादशीला भजन होतं ते स्पीकरवर.

आपल्या दिंडीचंही एक बाड आहे. ह्या दिंडीच्या मूळपुरुषांच्या हातचं. शंभर वर्षांचं. काही पानं मोडीत, बाकी बाळबोध. लाल कापडात बांधलेलं. ते आजवर एकाच घरात राहिलं, आणि त्या घरानं ते फार निष्ठेनं राखलं, त्या घरातल्या माऊलींना माझा दंडवत. आता कमिटीत विचार चाललाय की शताब्दीची आठवण म्हणून ते सभामंडपात काचेच्या कपाटात ठेवायचं. ठेवा. लोकांना दर्शन होईल. पण काचेत ठेवलं म्हणजे राखलं असं समजू नका. काचेतलं बाड एकच असतं. माझं मागणं आहे, त्याच्या आधी तीन कामं करा.

एक, बाडाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. पोरांच्या खिशात मोबाईल आहेत, त्यांनी इतकी सेवा करावी. फोटो एकाच फोनात ठेवू नका. कागदावर छापून तीन घरांत तीन प्रती ठेवा. आणि ती तीन घरं एकाच आळीतली नकोत, एकाच भावकीतली तर मुळीच नकोत. वरच्या आळीत एक, वाडीवर एक, आणि एक आपल्या मुंबईकर वारकऱ्यांकडं.

दोन, मोडी वाचणारं कुणी तयार करा. पंचक्रोशीत एखादा जुना जाणकार असला तर त्याच्याकडं दोन पोरं पाठवा. खर्च दिंडीनं करावा. मांडवाच्या झालरीला जेवढा खर्च होतो तेवढाही लागणार नाही.

तीन, आणि हे सगळ्यात मोठं. आपल्या दिंडीच्या स्वतःच्या चाली आहेत. काकड्याची एक, गवळणींची एक, घाटात म्हणायची वेगळी. त्या बाडात नाहीत, कारण चाल कागदावर उतरत नाही. त्या आज पाचसहा म्हाताऱ्यांच्या गळ्यात आहेत, आणि त्यातला एक मी. आमचं वय तुम्हाला दिसतंच आहे. तुकोबारायांच्या वह्यांची कथा आपण सांगतो. संताजी जगनाड्यांनी अभंग लिहून ठेवले म्हणून त्यांचा मान करतो. पण त्याबरोबर त्या काळच्या साध्या माणसांच्या पाठांतराचाही मान करायला हवा. कागद बुडवता येतो, जाळता येतो, पण ज्याला पाठ आहे त्याच्या तोंडातून काढून घेता येत नाही. म्हणून येत्या आषाढीपासून बारा पोरापोरींनी आमच्याबरोबर चालावं आणि ह्या चाली गळ्यात बसवाव्यात. पोरी म्हटलं ते मुद्दाम म्हटलं. विहिरीवरची बातमी बायकांनीच राखली होती हे विसरू नका. आणि ह्या बारांत दोन्ही आळ्यांची लेकरं पाहिजेत. मागच्या निवडणुकीपासून जी मंडळी भजनाला यायची थांबली, त्यांच्या घरची आधी घ्या. त्यांच्या दारात बोलवायला मी स्वतः येतो.

सरकारनं करावं, मोठ्या संस्थांनी करावं, हे म्हणणं चूक नाही. मदत मिळाली तर घ्यावी. टिंबक्टूलाही बाहेरून मदत आली. पण ती येईपर्यंत पोथी कुणाच्या घरात होती? गावकऱ्यांच्या. पंढरीचा देव परत आला तेव्हा स्वागताला मोठी माणसं असतील, पण तोपर्यंत विहिरीवर लक्ष कुणाचं होतं? देगावच्या माणसांचं.

शंभर वर्षं आपल्या आधीच्यांनी आपल्यासाठी राखलं. त्यांची नावं ह्या ग्रंथात छापलीत, जेवढी मिळाली तेवढी. बाकीच्यांची नावं पांडुरंगाला माहीत आहेत. आता उद्या काल्याचा प्रसाद घेऊन घरी जाताना कमिटीकडं एक वही ठेवलेली असेल. तीन घरं कुणाची, मोडी शिकणारी दोन पोरं कुणाची, आणि चाली शिकणारी बारा लेकरं कुणाची, त्याच्यात नावं लिहा. तलाठी लागत नाही. ही आपली वारसनोंद.

बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण मायबाप पोटात घालाल.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!